मामा, ती रेघांची वही माझीच

आज दुपारी साखरपुड्यात पंगत बसायच्या आधी मामांनी चारचौघांत विचारलं, "काय रे, पोराशी कसं बोलायचं याची शिकवणी लावलीस म्हणे मोबाईलवर? अन् वहीत रेघा मारतोस?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या माझ्याच हसण्याचा राग संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. पोरगा तीन पावलांवर पाण्याचे ग्लास मांडत होता. त्याने ऐकलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आईने विश्वासाने आपल्या भावाला सांगितलं असणार, तिच्यावर राग नाही. पण मामा, तिथे वडीलधाऱ्यांसमोर बोलता आलं नाही म्हणून इथे सांगतो. हो, लावली शिकवणी. डिसेंबरपासून दर बुधवारी दुपारी अडीचला, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, मागच्या गोडाऊनमध्ये रंगाच्या डब्यांना मोबाईल टेकवून बसतो. पाऊण तास. समोर पुण्याच्या मॅडम असतात, समुपदेशक. अकरा वेळा बोलणं झालं.

का लागली, तेही सांगतो. दिवाळीनंतर पोराच्या क्लासचे सर दुकानात डिस्टेंपर घ्यायला आले आणि सहज म्हणाले, "पंधरा दिवस दिसला नाही, आजारी आहे का?" नववीतला मुलगा रोज दप्तर घेऊन बाहेर पडत होता आणि गणपती घाटावर बसून परत येत होता. तासाभराने तो माझा डबा घेऊन दुकानात आला. मी काही विचारलंच नाही, गिऱ्हाइकांसमोर कानाखाली वाजवली. डबा खाली पडला. त्याने वाकून डबा उचलला, पुसून काउंटरवर ठेवला आणि गेला. त्यानंतर एकोणीस दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. "आई, बाबांना सांग वह्या हव्यात." मी त्याच खोलीत बसलेला असायचो.

मॅडमचा नंबर हिने शोधला. पहिल्या दिवशी मी म्हटलं, तुम्ही त्याला समजावा, मी बसवतो त्याला समोर. त्या म्हणाल्या, "त्याला आत्ता नको. पुढच्या बुधवारी तुम्हीच या." डोकंच फिरलं माझं. पैसे मी भरायचे आणि तपासणीही माझीच?

मग त्यांनी वहीचं काम दिलं. आठवडाभर मुलाशी बोललेल्या प्रत्येक वाक्याची एक रेघ. हुकूम, चौकशी, रागावणं डाव्या बाजूला. नुसतं बोलणं उजव्या बाजूला. उधारीच्या वहीचं मागचं पान काढलं, सिमेंटची पोती मोजताना मारतो तशा चार उभ्या आणि पाचवी आडवी. पहिल्या दिवशी डावीकडे तेवीस, उजवीकडे एक. ती एक कुठली, तर "जेवलास का?" मॅडमनी विचारलं, "तो काय म्हणतो त्यावर?" म्हटलं, "हो म्हणतो." "मग ती हजेरी झाली." खोडली मी ती रेघ. उजवीकडे काहीच उरलं नाही.

ज्यांना हे हसण्यासारखं वाटतं त्यांनी एक दिवस करून बघावं. एकच दिवस.

"आम्हाला कुठे कुणी समुपदेशन केलं? झालो ना मोठे?" हे तर ठरलेलं वाक्य. झालो मोठे. आमच्या अप्पांशी माझं काय बोलणं झालं ते आज आठवायला बसलो तर दुकानाच्या किल्ल्या, मालाची गाडी आणि "दिवा बंद कर". त्यांच्या हातात वही दिली असती तर त्यांचीही उजवी बाजू कोरीच राहिली असती. ते वाईट नव्हते, मामा. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून बसायचे. पण बोलायला काही नव्हतं आमच्याकडे, दोघांकडेही नव्हतं.

आणि साताऱ्याला डॉक्टरकडे का गेला नाहीस, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मित्रांचा. साताऱ्यात तज्ज्ञ आहेत, चांगले आहेत. पण वाईसारख्या गावात तिकडच्या बाकावर बसलेलं कुणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत घरी विचारपूस येते. जरा कुणी वेगळं वागलं की "येरवड्याला नेऊन टाका" म्हणणारी माणसं आपण. कोण जाईल? मोबाईलने मला दार दिलं. गोडाऊनचं का होईना, पण आतून कडी लावता येईल असं. दोन खोल्यांच्या घरात जिच्या कानाशी सासू बसलेली असते त्या बाईला ती कडीही मिळत नाही, हे कळतं मला. ती गच्चीवर जाऊन बोलते, देवळाच्या मागे जाऊन बोलते.

समोरासमोर बसण्याची सर याला नाही, मान्य. नेट जातं, वाक्य अर्ध्यात तुटतं. घरात रोजची मारहाण असेल, कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलत असेल, तर बुधवारची वाट बघत बसायचं नसतं. मुलांवर काही बेतलं तर १०९८ आहे.

फसवणारेही आहेत. चार दिवसांचा कोर्स करून नावापुढे कौन्सेलर लावतात आणि रील टाकतात. शिक्षण किती, कुठे, विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची, म्हणजे पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. गोळ्या लिहून द्यायच्या त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी, समुपदेशकाने नव्हे.

आणि पैसे. एका वेळचे नऊशे रुपये. माझ्याकडे कामाला असलेल्या पोराची दोन दिवसांची मजुरी आहे ती, आणि त्यालाही लेकरं आहेत. याचा मला त्रास होतो, खोटं कशाला बोलू. त्याला मी १४४१६ नंबर लिहून दिलाय. टेलि-मानस, सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागते, मराठीत बोलतात. दर आठवड्याला त्याच मॅडम भेटतील असं नाही, पण प्रशिक्षण घेतलेलं माणूस ऐकून घेतं आणि गरज असेल तर पुढे कुठे जायचं ते सांगतं. रेशन दुकानाच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकावर हा नंबर रंगवलेला असायला हवा. गावातल्या शाळांनी सांगावं, रंग मी देतो, ब्रशसकट. खरंच सांगतोय.

ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था, सुरू केली ती १९९० साली. म्हणजे मराठी माणसाला मनाबद्दल मराठीत सांगणारे पस्तीस वर्षं सांगताहेत, आपण व्याख्यानाला टाळ्या वाजवतो आणि साखरपुड्यात येऊन हसतो.

मामा, तुमच्यावर इतकं चिडून लिहायचं नव्हतं. तुमचा मुलगा दोन वर्षांत घरी आलेला नाही, ते मला ठाऊक आहे. आज पंगतीत त्याचं नाव निघालं तेव्हा तुम्ही वाढप्याला हाक मारलीत. बुधवारी अडीचला या दुकानात, गोडाऊन तुम्हाला देतो. मी बाहेर गल्ल्यावर बसेन.

परवाच्या पानावर डावीकडे नऊ आणि उजवीकडे चार रेघा आहेत. त्या चारातली एक घाटावरच्या पाण्याबद्दलची. "कमी झालंय यंदा," एवढंच मी म्हटलं. तो म्हणाला, "मधल्या पायऱ्या दिसायला लागल्यात." क्लास का बुडवत होता हे त्याने अजून सांगितलेलं नाही. मॅडम म्हणतात, विचारू नका.

आज परत येताना गाडीत तो पुढे बसला होता. पाचवड मागे पडेपर्यंत गप्प. मग म्हणाला, "बाबा, वहीत रेघा माझ्या आहेत?" म्हटलं, "नाही, माझ्या." परत गप्प. घरी आल्यावर जेवला, आत गेला आणि मी हे लिहायला बसलो.

आत्ता पावणेअकरा वाजलेत. तो बाहेर आलाय, खुंटीवरची दुकानाची किल्ली हातात आहे. "दाखवता का?" म्हणतोय. खाली जातोय आम्ही. तुमच्या कमेंट उद्या वाचतो.