सोर्स कोड मिळतो, तरी फोन जुन्या कर्नलवर का अडकतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनवर अँड्रॉइडऐवजी पर्यायी लिनक्स रुजत नाही याचं मोठं कारण म्हणजे कंपन्यांचे बंदिस्त कर्नल (हार्डवेअर चालवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की कर्नल जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, कंपन्या सोर्स कोड देतात आणि ट्रेबल (अँड्रॉइडचा वरचा भाग कंपनीच्या हार्डवेअरच्या भागापासून वेगळा करणारी रचना) व जीकेआय (सगळ्या अँड्रॉइड फोनांसाठी कर्नलचा एकच गाभा) आल्यावर प्रश्नच मिटला. शिवाय तुमच्या स्वतःच्या फोनवर उबुंटू टच हे फोनसाठीचं लिनक्स छान चालतं. म्हणून कंपन्यांवर खापर फोडून डेव्हलपरांचा आळस झाकू नका, असा तुमचा निष्कर्ष.

सोर्स कोड मिळतो, हे मान्य. पण काय मिळतं ते उघडून बघा. बहुतेक वेळा एक भलीमोठी झिप फाइल असते. कोणता बदल कुणी, कधी, कशासाठी केला याचा इतिहास त्यात नसतो. चिप बनवणारी कंपनी कर्नलची एखादी एलटीएस (दीर्घकाळ देखभाल होणारी) आवृत्ती घेते, तिच्यात स्वतःच्या लाखो ओळी घालते. मग फोन बनवणारी कंपनी त्यावर आपली भर टाकते. यातलं फारच थोडं मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ सामायिक कर्नलमध्ये जातं. कर्नलच्या आतले इंटरफेस मात्र दर आवृत्तीला बदलत असतात. मेनलाइनमधल्या ड्रायव्हरचं काही अडत नाही, कारण जो इंटरफेस बदलतो तोच तो वापरणारे सगळे ड्रायव्हरही दुरुस्त करतो. बाहेर राहिलेल्या कोडला वाली कोण? कंपनी तोवर पुढच्या चिपच्या कामाला लागलेली असते, आणि फोन ज्या कर्नलवर बाजारात आला त्याच्याच आसपास शेवटपर्यंत राहतो.

आता ग्राफिक्सकडे बघा, कारण तुमच्या मुद्द्याची खरी कसोटी तिथे लागते. क्वालकॉमच्या अँड्रॉइड कर्नलमध्ये अ‍ॅड्रीनो जीपीयूसाठी (ग्राफिक्सच्या प्रोसेसरसाठी) केजीएसएल नावाचा ड्रायव्हर असतो. तो खुला आहे, जीपीएलखाली आहे, ओळ न् ओळ वाचता येते. पण त्याचं काम मेमरी सांभाळायची आणि आलेल्या कमांड जीपीयूकडे पोचवायच्या, एवढंच. शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करणं, त्या कमांड तयार करणं, हे सगळं युजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, एका बंद लायब्ररीत होतं, आणि ती लायब्ररी अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीसाठी बांधलेली असते. म्हणजे कर्नलचा पूर्ण कोड हातात असूनही साध्या लिनक्सवर जीपीयूकडून एक त्रिकोणसुद्धा काढून घेता येत नाही. शेवटी रॉब क्लार्क यांनी ती लायब्ररी जीपीयूला काय पाठवते ते टिपून, त्याचा अर्थ लावून फ्रीड्रीनो लिहायला घेतला आणि मेनलाइनसाठी कर्नलचा भागही वेगळा लिहिला. माली जीपीयूंची गोष्ट तशीच आहे. त्यांचे लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे खुले ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नलच्या ५.२ या आवृत्तीत आले, तेही उलट अभियांत्रिकी करूनच. मेनलाइनच्या ग्राफिक्स विभागाचा नियम आहे की कर्नलमध्ये नवा इंटरफेस हवा असेल, तर तो वापरणारा युजरस्पेसचा कोडही खुला पाहिजे. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. अर्धा खुला ड्रायव्हर कशासाठी सांभाळायचा?

स्क्रीनचं उदाहरण याहून छोटं आहे. पीसीवर बरंचसं हार्डवेअर आपली ओळख स्वतः सांगतं. एआरएम फोनवर कुठल्या पिनला काय जोडलंय ते डिव्हाइस ट्री नावाच्या वर्णनात लिहून द्यावं लागतं. कंपनीच्या डिव्हाइस ट्रीत डिस्प्लेसाठी नुसती हेक्स आकड्यांची रांग सापडते. हे आकडे त्या क्रमाने पॅनलला पाठवले की तो उजळतो. कुठला आकडा काय करतो हे सांगणारी एक ओळही सोबत नसते. त्यात एकाच मॉडेलच्या फोनमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या उत्पादकांचे पॅनल बसवलेले असू शकतात, आणि यातला कोणता आहे ते बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ओळखून कर्नलला कळवतो. म्हणून पोर्ट करणाऱ्याच्या फोनवर सगळं सुरळीत आणि तेच मॉडेल वापरणाऱ्या दुसऱ्याची स्क्रीन काळी, असं होऊ शकतं. या आकड्यांच्या रांगेवरून मेनलाइनचा ड्रायव्हर तयार करून देणारं टूलसुद्धा आज आहे. ते या स्वयंसेवकांच्या समुदायातल्याच लोकांनी लिहिलंय.

फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. क्वालकॉमच्या कित्येक फोनांत मोडेम आणि डीएसपीचं (आवाजासारखे सिग्नल हाताळणाऱ्या प्रोसेसरचं) फर्मवेअर फोन कंपनीच्या सहीशिवाय चालत नाही, त्यामुळे तीच चिप असलेल्या दुसऱ्या फोनचं फर्मवेअर उचलून लावता येत नाही.

आता तुमचा उबुंटू टच. ते चालतं याचा मला आनंदच आहे. ते बहुतेक फोनांवर हॅलियम या जोडणाऱ्या थरामुळे चालतं. खाली कंपनीचाच कर्नल राहतो, अँड्रॉइडचा छोटासा भाग कंटेनरमध्ये चालतो, आणि कार्स्टन मुंक यांनी सुरू केलेली लिबहायब्रिस ही लायब्ररी ते बंद ड्रायव्हर साध्या लिनक्सच्या प्रोग्रॅमना वापरू देते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याशिवाय आज रोजच्या वापरात पर्यायी लिनक्सचे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असते. पण अशी ऑपरेटिंग सिस्टिम त्या फोनमध्ये भाडेकरूच असते. पाया बदलणं तिच्या हातात नसतं. कर्नलच्या ४.४ या एलटीएस आवृत्तीची देखभाल २०२२ मध्ये थांबली, ४.९ ची जानेवारी २०२३ मध्ये, ४.१४ ची जानेवारी २०२४ मध्ये. त्यानंतरची सुरक्षेची भोकं बुजवायची तर पॅच मागे आणून बसवायचे, आणि तेही लाखो ओळींची भर पडलेल्या कर्नलमध्ये. हे काम कुणीतरी स्वतःच्या वेळात करतं. वरचा डोलारा मात्र पुढे सरकत राहतो. सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारं सॉफ्टवेअर) किमान कर्नलची अट वेळोवेळी वाढवतं, आणि एक दिवस जुना पाया त्या अटीत बसेनासा होतो.

जीकेआयमुळे फायदा झाला, यात वाद नाही. ५.१० पासून कर्नलचा गाभा सगळ्यांसाठी एक झाला, त्यामुळे गाभ्यातले सुरक्षा पॅच लवकर पोचू शकतात. पण कंपनीचा कोड नाहीसा झाला नाही, तो मॉड्यूलमध्ये गेला. त्या मॉड्यूलना स्थिर इंटरफेसची हमी असते ती अँड्रॉइड १२ आणि ५.१० अशा एकाच जोडीपुरती. तिथून ६.१ वर जायचं तर मॉड्यूल पुन्हा जुळवून बांधावे लागतात, म्हणजे परत कंपनीच्या मर्जीवर. ट्रेबलनेही वरचं अँड्रॉइड बदलणं सोपं केलं. हॅलियमला त्याचा उपयोग झाला, पण खालचे बंद ड्रायव्हर होते तिथेच राहिले.

राहिला आळस. हा शब्द मला लागला, कारण हे काम करणाऱ्यांचे पॅच मी वाचत असतो. तुम्ही वनप्लस ६ बघा. त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८४५ चा डेव्हलपमेंट बोर्ड निघाला होता आणि लिनारो या एआरएम चिपवरच्या लिनक्सचं काम करणाऱ्या संस्थेच्या अभियंत्यांनी त्या चिपचं बरंच काम मेनलाइनमध्ये नेलं. तेवढा आधार मिळताच स्वयंसेवकांनी तो फोन पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्सवर इतका चालता केला की आज मेनलाइन कर्नल वापरू पाहणाऱ्याला लोक तोच सुचवतात. कॅमेरा सगळ्यात मागे राहिला, कारण इमेज प्रोसेसरची माहिती आणि रंगांचं ट्यूनिंग कंपन्या सर्वात घट्ट धरून ठेवतात. ज्या चिपसाठी असं कुणीच काही केलं नाही, तिथे याच तोडीचे लोक एका यूएसबी पोर्टपाशी महिनोन्‌महिने अडकून पडतात.

तुमचा फोन कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर टर्मिनल उघडून 'uname -r' ही कमांड चालवा आणि आलेला आवृत्ती क्रमांक इथे टाका. सोबत मॉडेलही लिहा, म्हणजे त्या चिपचा कुठला भाग मेनलाइनमध्ये आहे आणि कुठला नाही ते मी शोधून सांगतो.