नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

आज भाच्याचा नवा कोरा लॅपटॉप हातात आला आणि डोक्यात तिडीकच गेली. पोरावर नाही, मशीन असं अर्धवट सजवून गळ्यात मारणाऱ्यांवर. साहेबांना स्वतःचा टेक ब्लॉग काढायचाय. नाव ठरलंय, थीम निवडून झालीये, साइट चढवूनही झालीये. लॅपटॉप मात्र 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करून उरकलेला. ब्लॉगचं अख्खं फोल्डर डेस्कटॉपवर, डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, आणि तिथली फुकटातली ५ जीबी जागा भरल्याची बोंब सतत कोपऱ्यात. वर मला विचारतो, "मावशी, लेख दिसतच नाहीये, थीम बदलू का?"

थीम गेली खड्ड्यात. आधी मशीन.

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू केलं की मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. ते दिलंत की तुमच्या यूजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून ठरतं, तुम्हाला न विचारता. भाच्याचं नाव तिथे निम्म्यात तुटलंय आणि टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं की प्रत्येक ओळीत तोच तुकडा. नंतर हे फोल्डर रीनेम करायला जाऊ नका, निम्मे प्रोग्राम जुना पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, शोधत बसतात. पहिल्याच दिवशी सेटिंग्जमधून हव्या त्या नावाचं लोकल खातं काढायचं, त्याला अॅडमिनिस्ट्रेटर करायचं आणि त्यातच काम सुरू करायचं. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये स्पेस नको. स्पेस किंवा देवनागरी असलेल्या पाथवर अडखळणारी टूल्स आजही आहेत, आणि ती चूक दाखवतात भलतीकडेच.

जुनं खातं मात्र घाईने उडवू नका. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे सगळा डेटा कुलूपबंद करणं, बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात ऑनलाइन ठेवलेली असते. हे किती जणांना माहीत असतं? बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, त्यातल्या सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लागला, की एक दिवस निळा पडदा येऊन हे ४८ अंक मागतो. नसतील तर डेटा गेला, कुठलाही टेक्निशियन तो काढून देऊ शकत नाही. ती की आजच कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मान्य, लॅपटॉप चोरीला गेला तर याच एन्क्रिप्शनमुळे तुमची कागदपत्रं वाचतात. पण एवढी महत्त्वाची गोष्ट चालू करताना मोठ्या अक्षरांत सांगायला काय जातं?

वनड्राइव्हचंही तेच. बॅकअप वाईट नाही, पण गिटचं, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामचं, फोल्डर त्यात नकोच. गिट आत शेकडो बारक्या फायली सतत लिहितं-पुसतं, सिंक करणारा प्रोग्राम त्याच फायली त्याच क्षणी उचलायला जातो, मग कधी फाइल लॉक, कधी एकाच फाइलच्या दोन प्रती. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं टूल) वापरत असाल तर एका प्रोजेक्टमागे हजारो फायली वर चढायला लागतात आणि पंखा विमानासारखा सुटतो. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज बॅकअप'मधून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून हलवून आणायच्या. प्रोजेक्टसाठी 'कोड' नावाचं वेगळं फोल्डर करा, कुठल्याही सिंकच्या बाहेर. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल वापरणार असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिकडून उघडलात तर सगळं रांगत चालतं. आणि डब्ल्यूएसएल सुरूच होत नसेल तर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत दुसरं चालवायची सोय) बंद असतं बहुतेकदा.

हो, आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी. टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport) चालवा. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे आकडे नव्या मशीनवर जवळजवळ सारखे हवेत. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी खुपसून बघा. स्क्रीन एकदा पूर्ण पांढरी, एकदा पूर्ण काळी करून ठिपके शोधा. एवढं पुरे.

आता ब्लॉग. इथे माझा राग जरा उतरला, कारण पोराचा पहिला लेख मी वाचला. नव्या लॅपटॉपचा आवाज गेला होता, तो कसा परत आणला. एरर जशीच्या तशी पूर्ण दिलीये, ड्रायव्हरची आवृत्ती दिलीये, काय केलं आणि उपयोग झाला नाही तेही दिलंय. टेक ब्लॉगवर आणखी काय हवं असतं? लोक एररची ओळ कॉपी करूनच शोधतात, आणि तिथे हा लेख त्यांना सापडणार.

म्हणजे, सापडला असता. 'ड्राफ्ट: ट्रू', म्हणजे 'लेख अजून कच्चा आहे' ही खूण, तशीच राहिली होती! ह्यूगो, म्हणजे ज्या टूलने तो साइट बनवतो, त्यात नवा लेख तयार केला की फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत ही ओळ आपोआप येते. घरच्या मशीनवर तो 'ह्यूगो सर्व्हर -डी' (डी कॅपिटल) चालवत होता, त्यात ड्राफ्टही दिसतात, साइटवर दिसत नाहीत. दोष कुणाला? थीमला. याचा जुळा भाऊ म्हणजे तारीख. ह्यूगो भविष्यातल्या तारखेचा लेख बनवतच नाही, आणि साइट बनवणारा सर्व्हर बहुधा युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. तुमचं घड्याळ युटीसीच्या पुढे असेल आणि तारखेत टाइमझोन लिहिला नसेल, तर सकाळी टाकलेला लेख काही तास गायब. थीम कोरी दिसत असेल तर ती गिटचं सबमॉड्यूल (बाहेरून जोडलेला दुसरा प्रोजेक्ट) म्हणून घेतली होती का आणि ती खाली उतरली का, ते बघा. सीएसएसच, म्हणजे पानाचं रंगरूपच, लागत नसेल तर बेस यूआरएल, म्हणजे सेटिंगमधला साइटचा मूळ पत्ता, तपासा. चारातल्या तीन तक्रारी इथेच मिटतात.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जास्त, कारण या कुणी सांगत नाही. लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग, रोमन अक्षरांत स्वतः लिहा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतं आणि लिंक कॉपी केली की प्रत्येक बाइटची टक्केवाली (%E0 अशी) ३ अक्षरं होतात. 'लॅपटॉप' या एका शब्दाची ५४! अशी लिंक मेलमध्ये मध्येच तुटते. दुसरं, शीर्षकांची लेटर-स्पेसिंग शून्य करा. इंग्रजीसाठी केलेल्या थीम शीर्षकात अक्षरं फाकवतात, ते तिकडे छान दिसतं. आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात, जणू मांजरीने कुरतडलीये. ओळींतलं अंतर १.७च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. आणि पानाची भाषा 'एमआर' लिहा, 'ईएन' नको. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे मिळतात.

गिटहबवर, म्हणजे गिटची फोल्डरं ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, चढवताना पासवर्ड चालत नाही म्हणून अजूनही लोक चिडतात. १३ ऑगस्ट २०२१ पासून तो बंद आहे. ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी दोन फायलींची जोडी, बनवा, '.पब'वाली फाइलच तिकडे चिकटवा, दुसरी कुणालाही नाही. कमिटमध्ये, म्हणजे गिटच्या प्रत्येक नोंदीत, तुमचा ईमेल जगाला दिसतो, तर गिटहबचा नोरिप्लाय पत्ता (खरा ईमेल लपवणारा) लावा. एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायचा गुप्त कोड) चुकून कमिट झाली तर नुसती पुसून भागत नाही, इतिहासात राहते. आधी ती की रद्द करायची, साफसफाई मग.

हे सगळं फेसबुकवर लिहितेय, ठाऊक आहे, हसू नका. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हाही आपण असेच दुसऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. म्हणूनच पोराला म्हटलं, डोमेन स्वतःचं घे. नोंदणी स्वतःच्या नावावर कर, ऑटो-रिन्यू चालू ठेव. आणि नोंदणीसाठी त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नकोस, डोमेन संपलं की मुदतीची आठवण करून देणारे मेलही त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जातात.