खुलासा: ‘इंजेक्टरचा पाईप सैल करून ठोका शोधा’ हा मेसेज सगळ्या गाड्यांना लागू नाही

डिझेल फोर-बाय-फोरचं इंजिन ठोकत असेल तर चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) पाईपचा नट सैल करा, आवाज बदलला की तो सिलिंडर सापडला, असा मेसेज ग्रुपवर फिरतोय.

ही पद्धत खरी आहे, पण मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपपुरती. थार सीआरडीई, स्कॉर्पिओ एमहॉक ही कॉमन रेल इंजिनं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं. त्यांच्या पाईपमध्ये हजार बारहून जास्त (हवेच्या दाबाच्या साधारण हजारपट) दाब असू शकतो. नट सैल झाला की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वर सुई टोचल्याएवढं भोक दिसतं, आत मात्र हात सडू लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट सर्जनकडे जा. म्हणूनच या इंजिनांची वर्कशॉप मॅन्युअल्स चालू इंजिनवर हे पाईप सैल करायला सक्त मनाई करतात.

अशा इंजिनांत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून एकेक इंजेक्टर बंद करून बघतात. खालून जड ठोका येतोय आणि ऑइल प्रेशरही कमी आहे? मग बेअरिंगचा संशय घ्या, इंजिन लगेच बंद करा, गाडी टो करून न्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.