निरोप, सांत्वन आणि डावा हात

पियानो शिकताना इंटरमीडिएट नावाची एक जागा येते, तिथे माणूस ना घरचा ना घाटचा. ट्विंकल ट्विंकल वाजवायची लाज वाटते आणि शोपॅनसारख्या बड्या संगीतकाराचं काही हाताला लागत नाही. मग अशा अधांतरी लटकलेल्या लोकांसाठी एक-दोन पानी छोट्या पीसेसचे अल्बम असतात, एक्स्प्रेसिव्ह म्हणे. नोट्स सोप्या, भावना अवघड. आणि आमच्या घरात भावना म्हणजे फार आनंद झाला तर "बरं झालं" आणि फार दुःख झालं तर चहा टाकायचा, त्यामुळे भांडवलच कमी.

माझ्या टीचर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, मी त्यांना मॅम म्हणतो, त्या मला काका. दर क्लासला एकच वाक्य, "काका, नोट्स करेक्ट आहेत, पण फील येत नाहीये."

पहिलं पुस्तक बुर्गम्युलर नावाच्या संगीतकाराचं, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) १००, पंचवीस पीसेस. माणूस जर्मन, राहायला पॅरिसला, आणि पुस्तकावर स्पष्ट लिहिलंय की हे खास छोट्या हातांसाठी रचलंय. माझी बोटं दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे अडकतात. अनुक्रमणिका तर वाचण्यासारखी आहे, पाचवा पीस निरागसता आणि सहावा लगेच प्रगती, म्हणजे या माणसाला आयुष्य बरोबर कळलं होतं. बारावा निरोप, तेरावा सांत्वन. सोळावा गोड तक्रार. आता तक्रार गोड कशी करायची हे मी सोसायटीच्या मीटिंगला इतकी वर्षं बसूनही शिकलो नाही, ते जी मायनर स्केलमधे कुठून येणार? अठरावा अस्वस्थता, तो मात्र पहिल्या झटक्यात जमला, मॅम म्हणाल्या "वा काका, किती नॅचरल!"

याच पुस्तकातल्या अराबेस्क नावाच्या पीसबद्दल बोलायलाच नको. जुन्या छापील प्रतीत स्पीड दिलाय मिनिटाला १५२ ठोके, आणि एका ठोक्यात चार नोट्स, म्हणजे सेकंदाला दहा, वर लिहिलंय खेळकरपणे. मी निम्म्या स्पीडला वाजवतो आणि चेहरा खेळकर ठेवतो.

खरं दुखणं वेगळंच आहे. मी मुळात पेटीवाला, भजनी मंडळात वर्षानुवर्षं साथ केलेली. पेटीवर सूर धरला की भात्यात हवा आहे तोवर तो आपला, वाटलं तर जरा जोर देऊन फुगवावा, समोर बुवा खूश. पियानोवर पट्टी दाबली की सूर त्याच क्षणापासून मरायला लागतो आणि तुम्ही काहीही करा, तो मोठा होत नाही. पण पुस्तकात खाली क्रेशेंडोची, म्हणजे आवाज हळूहळू वाढवायची, खूण असतेच, मग मॅम समजावतात की एक सूर वाढत नाही काका, पुढचा सूर आधीच्यापेक्षा थोडा जास्त द्यायचा, ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की वाढतोय. म्हणजे भास निर्माण करायचा. तुकोबांच्या अभंगाला साथ करणाऱ्या माणसाला या वयात हातचलाखी शिकवतायत.

आणि डावा हात! त्याने जन्मभर फक्त भाता मारला. शूमन या जर्मन संगीतकाराच्या लहान मुलांसाठीच्या अल्बममधे एक पीस आहे, कामावरून घरी निघालेला आनंदी शेतकरी, आणि त्यात अख्खी चाल डाव्या हातात. उजवा हात वर नुसता टुक टुक कॉर्ड्स, म्हणजे दोन-तीन सूर एकदम, देतो, तोही हळू, खालची चाल झाकायची नाही. माझा उजवा हात ऐकतच नाही, तो कायमचा मुख्य गायक, त्याला कोरसमधे उभं केलं की तो जास्तच ओरडतो. मॅम म्हणतात, "काका, शेतकरी खूश आहे, कुठे दिसतोय?" म्हटलं मॅम, आमच्याकडे तो खूश आहे की नाही हे कांद्याचा भाव बघूनच सांगता येतं.

घरी डिजिटल पियानो आहे, आणि त्याचं पेडल टाइल्सवरून सरकतं. निरोप वाजवताना एकेका दाबाबरोबर ते पुढे पुढे जातं आणि शेवटच्या ओळीला मी खुर्चीत जवळजवळ आडवा, पाय भिंतीला. शेवटी हिची योगा मॅट खाली घातली तर "माझी मॅट?" एवढंच आलं, पण त्या दोन शब्दांत जे एक्स्प्रेशन होतं ते मॅमनी ऐकायला हवं होतं. हेडफोन लावून वाजवलं तर मला पियानो ऐकू येतो आणि बाकी घराला नुसतं धपधप, ही म्हणते बाहेरून टायपिंगची परीक्षा चालल्यासारखं वाटतं.

शूमनने हा अल्बम १८४८ मधे केला, सुरुवात थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी म्हणून. त्रेचाळीस पीसेस, त्यातल्या तिनांना नावच नाही, नावाच्या जागी नुसत्या तीन चांदण्या. हे तीन मला मनापासून आवडतात. नाव नाही म्हणजे फील चुकला असं कोणी म्हणू शकत नाही! मी हे मॅमना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "छान, मग आता तुम्हीच सांगा यात काय वाटतंय." मी चहा मागितला.

आता पुढचं पुस्तक ठरलंय, नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराचे लिरिक पीसेस. दहा भाग, सहासष्ट पीसेस, पहिला भाग १८६७ चा आणि शेवटचा १९०१ चा. लिहायला चौतीस वर्षं लागली तर वाजवायला किती लागतील याचा हिशोब करून मी मॅमना विचारलंय, एकदम वर्षाची फी भरली तर काही कन्सेशन बसेल का.