चेंग शिनवरील आरोपपत्र

लिऊ त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी’ कादंबरीत्रयीचा शेवटचा भाग ‘डेथ्स एंड’ २०१० साली चिनी भाषेत आला आणि २०१६ साली इंग्रजीत. त्याच्या वाचकांत एक विधान सतत फिरत असते: नायिका चेंग शिन हिच्या दयाबुद्धीने मानवजातीचा दोनदा घात केला, तिचा पूर्वीचा वरिष्ठ, गुप्तचर अधिकारी थॉमस वेड याच्यासारख्या निर्दय माणसाच्या हाती सूत्रे असती तर माणूस तगला असता, आणि म्हणून अस्तित्वाच्या लढाईत नीती ही चैन आहे. या विधानाचा प्रत्येक दुवा कादंबरीतल्या घटनांवरच घासून पाहायला हवा. (ज्यांना पुस्तक वाचायचे आहे त्यांनी येथेच थांबावे.)

पहिला आरोप कळ न दाबल्याचा. पृथ्वी आणि तिच्यावर डोळा असलेले परग्रहवासीयांचे जग ट्रायसोलारिस यांच्यातील शांतता एका धमकीवर उभी असते: हल्ला झाल्यास ट्रायसोलारिसचे ठिकाण गुरुत्वीय लहरींद्वारे साऱ्या विश्वाला कळवायचे, म्हणजे कोणती तरी अज्ञात संस्कृती त्याचा नाश करील, त्यातून पृथ्वीचाही ठावठिकाणा फुटणार हे दोघांनाही ठाऊक असते. ही धमकी अमलात आणणारी कळ आधीचा राखणदार लुओ जी याच्याकडून चेंग शिनकडे येताच काही मिनिटांत हल्ला होतो आणि ती कळ दाबत नाही. पण धमकीचा उपयोग हल्ल्यापूर्वीच असतो. हल्ला सुरू झाल्यावर कळ दाबणे म्हणजे दोन्ही जगांना मृत्युदंड सुनावणे. शिवाय ते प्रक्षेपण पुढे झालेच. ‘ग्रॅव्हिटी’ या दूरच्या यानावरील लोकांनी मतदान घेऊन ते केले, चार वर्षांच्या आत ट्रायसोलारिसचा ग्रह नष्ट झाला आणि शतकाहून अधिक काळाने सूर्यमालेवरही घाला आला. कळ दाबल्याने सूर्यमाला वाचली असती, या तर्काला कथेत आधार नाही. तिच्या नकाराची खरी किंमत ट्रायसोलारिसच्या हुकमाने ऑस्ट्रेलियात कोंबल्या गेलेल्या माणसांनी मोजली, आणि ती किंमत लहान नाही.

वेड तिच्या जागी असता तर हल्लाच झाला नसता, हे मात्र मान्य करावे लागते. शत्रूच्या हिशेबात चेंग शिनची जरब, म्हणजे ती कळ दाबील याची शक्यता, जेमतेम दहा टक्के होती, लुओ जीची नव्वदच्या आसपास. पण तिला त्या जागी बसवले कोणी? दीर्घ शांततेला सोकावलेल्या जगाला सौम्य चेहरा हवा होता, आणि त्याच जगाने कळ खाली ठेवताच लुओ जीला एक परके जग नष्ट केल्याच्या संशयावरून अटक केली. आपल्या राखणदारालाच आरोपी ठरवणाऱ्या समाजाचा दोष एका स्त्रीच्या हळवेपणावर ढकलणे सोयीचे आहे, एवढेच.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. प्रकाशवेगी यानांच्या संशोधनासाठी वेड मानवांच्याच संघराज्य सरकारशी युद्धाला तयार होतो आणि चेंग शिन त्याला थांबवते. त्या यानांच्या मागे उरणाऱ्या वाटांनी सूर्यमालेभोवती संरक्षक आवरण तयार करता आले असते, हे पुढे उमगते, आणि तोवर हातची वर्षे निघून गेलेली असतात. निर्णय चुकला, यात वाद नाही. परंतु त्या संशोधनावर बंदी तिने घातलेली नव्हती, सरकारने घातली होती. तिने नाकारले ते प्रतिपदार्थाच्या गोळ्यांनी माणसांनीच माणसांना मारणे. आणि वेडचे काय? हे काम मानवजातीच्या जिवावर उठले तर अखेरचा शब्द तुझा, असे वचन त्याने तिला दिले होते. ज्याला केवळ तगणेच महत्त्वाचे, तो त्या क्षणी वचन मोडून मोकळा झाला असता. त्याने शस्त्रे खाली ठेवली आणि मृत्युदंड पत्करला. निर्दयतेचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याचा सर्वात निर्णायक निर्णय हा दिलेल्या शब्दाला जागण्याचा आहे, हे त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.

उरतो निष्कर्ष: विश्वाला नीती कळत नाही. येथे लेखकाचा कल बराचसा आरोप करणाऱ्यांच्या बाजूला आहे. २००७ साली छंगतू येथे विज्ञानेतिहासकार च्यांग श्याओयुआन यांच्याशी झालेल्या चर्चेत, संस्कृती टिकवण्यासाठी शेवटच्या उरलेल्यांनी एका माणसाला खावे का, हा प्रश्न लिऊ यांनीच मांडला होता. च्यांग यांनी खाण्यास नकार दिला. कादंबरीतही ‘ब्लू स्पेस’ हे मानवी युद्धयान टिकते ते सोबतच्या यानांना मारूनच, आणि मानववंश त्याच्या वारसांत पुढे चालतो, म्हणजे ‘मानवजात संपली’ हेही खरे नाही. पण त्याच कादंबरीत हा हिशेब सर्वांनी केल्यास काय होते तेही आहे. मुळात दहा मितींचे असलेले विश्व युद्धखोर संस्कृतींनी भौतिकीचे नियमच शस्त्र म्हणून वापरल्याने तीन मितींपर्यंत घसरते आणि आणखी घसरू लागते. अखेरीस छोट्या खासगी विश्वांत लपलेल्या सर्वांना, तुमच्याकडील वस्तुमान परत करा, असे आवाहन येते, कारण त्याशिवाय मूळ विश्वाला नवा जन्म मिळणार नाही. कोणावर सक्ती नाही, तपासणारा कोणी नाही. चेंग शिन आपले छोटे विश्व सोडून परतते खरी, पण छोटी जीवसृष्टी सामावलेले पाच किलोंचे एक जीवगोलक तिथेच मागे ठेवते. तिला जाब विचारायचाच असेल, तर तो या पाच किलोंचा विचारावा.