सभा अकराला ठेवली तर येणार कोण?
‘मासिक सभा नियमित झाल्या की शाळा सुधारते’ हे शाळा व्यवस्थापन समित्यांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. करवीर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत मी दोन वर्षं व्यवस्थापन समितीवर होते. सभा दरमहा व्हायची, पण सकाळी अकराला. तेव्हा निम्म्या बायका शेतात भांगलणीला, म्हणजे तण काढायला. मग इतिवृत्ताची वही संध्याकाळी घरोघरी सहीला फिरायची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक, ५० टक्के महिला हव्यात. कागदावर आम्ही होतोच की!

एकदा हट्टानं सभा डेअरीत दूध घालून झाल्यावर ठेवली. सात जणी आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नाही, हे गुरुजींना तेव्हा कळलं. आठवड्यात कडी बसली. आणि हो, प्रत्येक सभेत मागच्या ठरावाचं काय झालं ते आधी वाचा, चहा नंतर.