गाळाखालची रेघ : एका प्रतिक्रियेला उत्तर

उपसागराखालच्या भ्रंशांच्या पाहणीबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : उपसागराच्या तळाखालचे भ्रंश, म्हणजे जिथे जमीन सरकून भूकंप होतात त्या भेगा, कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, ध्वनीच्या धूसर चित्रावर संशोधक हवी तिथे रेघ ओढतो, आणि भूकंप कधी होईल हे सांगता येत नसेल तर असली पाहणी म्हणजे पैसा पाण्यात.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. बोटीवरून सोडलेला ध्वनी गाळाच्या एकेका थरावर आपटून परत येतो. गाळात त्याचा वेग सेकंदाला साधारण 1500 मीटर, म्हणजे परतायला एक मिलिसेकंद जास्त लागला की थर आणखी 75 सेंटिमीटर खोल. पण गाळात मिथेन अडकलेला असला की ध्वनी तिथेच विरतो आणि त्याखाली चित्र कोरं राहतं. त्या कोऱ्या जागेतून सलग रेघ ओढणं चूकच. माझ्या आकृतीत ती सलग होती. आता तुटक केली आहे.

मात्र जिथे थर स्वच्छ दिसतात, तिथे मनमानीला वाव नसतो. जमिनीवर नांगर, पाऊस, बांधकाम जुन्या भूकंपांच्या खुणा पुसून टाकतात. उपसागरात वरून गाळ बसत राहतो आणि खूण झाकून जपली जाते. भ्रंशाची एक बाजू खचली की त्या बाजूला गाळ जास्त साचतो. समजा वरचा थर अर्धा मीटर सरकलाय, त्याखालचा दीड मीटर, त्याहून खालचा तीन. जितका थर जुना तितका जास्त सरकलेला, तर ही जागा एकदा नव्हे, पुन्हापुन्हा हललेली आहे. मग भ्रंशाच्या दोन्ही अंगांना नळी खुपसून गाळाचे उभे नमुने काढतात. जपानच्या बेप्पू उपसागरात अशा नमुन्यांमध्ये किकाई ज्वालामुखीची सुमारे 7300 वर्षांपूर्वीची राख सापडते. मऊ चिखलात त्या राखेतल्या काचकणांचा थर लगेच वेगळा ओळखू येतो. तोच थर एका नळीत वर आणि दुसरीत खाली भेटला, की जमीन किती खचली हे पट्टीने मोजता येतं. ध्वनीचं चित्र बरोबर की चूक, याचा निकाल तिथे लागतो. याच उपसागरात 1596 साली मोठा भूकंप झाला होता.

आता ‘कधी’चा प्रश्न. तारीख कुणालाच सांगता येत नाही, हे मान्य. पण भूकंप किती मोठा होऊ शकेल हे भ्रंश किती लांबवर एकसंध आहे यावर बरंचसं ठरतं. कॅलिफोर्नियातले हेवर्ड आणि रॉजर्स क्रीक हे भ्रंश दोन बाजूंनी सॅन पाब्लो उपसागरात शिरतात. पाण्याखाली ते जुळतात की मध्ये खंड पडतो, यावर बरीच वर्षं वाद होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बारीक ध्वनिचित्रांवरून ते थेट जुळलेले दिसले. दोन्ही एकाच वेळी फाटले तर 7.4 तीव्रतेपर्यंतचा भूकंप संभवतो. तिथल्या पुलांची आणि जलवाहिन्यांची आखणी करणाऱ्याला तारखेआधी हाच आकडा लागतो, आणि तो चिखलाखाली पाहिल्याशिवाय मिळाला नसता.